कूलर बंद राह्यते ना?

उमरखेडला दुकानासाठी जागा घ्यायची असेल तर खुशाल घ्या, फक्त घरमालकाच्या खिशात पेचकस नाही एवढं बघून घ्या. माझ्या घरमालकाच्या खिशात तो कायम असायचा, दिसला स्क्रू की पिळायला. भाडेकरूची कोणतीही वस्तू बिघडली की ती आपोआप त्यांच्या ताब्यात जाई. पंखा कुरकुरला, आले. शटर अडकलं, आले. एकदा माझी बांगडी वाकडी झाली, तर तीही भिंगाखाली धरून पाहिली आणि म्हणाले, "हे सोनाराचं काम हाय, पन सोनार बिघडोते." बांगडी आठ दिवस त्यांच्याकडेच होती.

मी बस स्टँडच्या रस्त्यावर ऑनलाइन सेंटर चालवते. दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स, असलं सगळं. नवरा महागाव तालुक्यात शाळेवर मास्तर आहे, तो सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, म्हणजे दिवसभर मी आणि हे घरमालक काका. पुढं माझं दुकान, मागं त्यांचं घर, मधे एक दार. त्या दाराला माझ्या बाजूनं कडी नव्हती. मी तीनदा मागितली. "कडी कायले पाह्यजे, चोर काय माह्या घरातून येईन का?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला. चोर नाही आला, हेच यायचे.

काका मूळचे फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरचे. त्यांचा आजा बैलांवर मीठ लादून गावोगाव न्यायचा. बापानं शेती धरली, आणि ह्यांनी पोरवयात नांदेड गाठून टीव्ही दुरुस्ती शिकली. "आज्यानं मीठ पोचोलं, म्या चित्र पोचोलं," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल ते देवाला ठाऊक. पण खोटं नव्हतं. एके काळी उमरखेडपासून पार खेड्यापाड्यापर्यंत ज्याचा टीव्ही बसला तो ह्यांच्याच ओट्यावर यायचा, आणि आला की आधी शिव्या खायचा.

शिव्यांचं कारण ठरलेलं होतं. चित्र हललं की लोक टीव्हीला वरून थापड मारायचे. काका सेट हातात घेतला की आधी वरची धूळ पाहायचे, आणि धुळीत पंजा उठलेला दिसला की सेट परत. "मार खाल्लेला सेट मी घेत नाई. आधी माफी मागा त्याची." लोक हसायचे, मग काका खरंच दार लावून घ्यायचे, मग लोक माफी मागायचे. गावातल्या एका बड्या पुढाऱ्यानं, चार माणसांसमोर, हात जोडून आपल्या टीव्हीला "चुकलं बाप्पा" म्हटल्याची गोष्ट अजून सांगतात. काकांना विचारलं तर म्हणायचे, "सेट खोटं बोलत नाई, माणूस बोलते. म्हनून मी सेटची बाजू घेतो."

पुढं पातळ टीव्ही आले आणि ओटा ओस पडला. पातळ टीव्हीला काका पापड म्हणत. "पापड दुरुस्त करत नसतेत, बदलतेत." मी जागा घेतली तेव्हा त्यांच्याकडे वर्षभरात एकही सेट आलेला नव्हता. पण सकाळी उठून ते हत्यारांची पिशवी उघडायचे, प्रत्येक हत्यार पुसायचे आणि परत ठेवायचे. त्यांना स्वतःच्या हातांचा भारी अभिमान. सुई ओवायची असली तरी काकूच्या हातून घेऊन स्वतः ओवायचे, आणि ओवून झाली की हात असे समोर धरायचे की बघा, हलतात का.

आता मशीनचं सांगते. मी यवतमाळला वाढले. वडील कोर्टात कारकून, घर शिस्तीचं. शाळेच्या वाटेवर एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भाऊ आत जायचा आणि मी बाहेर त्याचं दप्तर धरून उभी. पोरींनी आत जायचं नाही, असं कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण गेलं की घरी समजायचं. पडद्याच्या फटीतून विमानं दिसायची आणि तो ठँव ठँव आवाज. तो राग माझ्या मनातून चाळिशी आली तरी गेला नव्हता. मागच्या चैत्रात कळलं की नांदेडला एक बंद पडलेलं थिएटर सामान विकतंय, त्यात विमानांच्या गेमचं मशीन आहे. उंच लाकडी कपाटासारखं, समोर दांडा आणि दोन बटणं, अगदी तसलंच. मी नवऱ्याला न विचारता टेम्पो पाठवला. सर्व्हर बंद असला की लोक ताटकळत बसतात, ते खेळतील, असं मी त्याला नंतर सांगितलं. खरं कारण मी खेळणार हे होतं.

मशीन आलं, बटण दाबलं, आणि डोळ्यांत पाणी यायची वेळ. कांदा चिरताना दिसतं ना, तसं सगळं. तीन आहे की आठ, कळेना. आपलं विमान आणि दुश्मनाचं विमान दोन्ही भज्यांसारखी. मी कपाळाला हात लावते न लावते तोच मधलं दार उघडलं.

काकांनी मशीनला एक फेरी मारली, मागच्या फळीच्या फटीतून डोकावले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, याच्यात पिक्चर ट्यूब हाय."

तो आवाज मी ओळखायला हवा होता. माणूस कित्येक वर्षांनी घरी आला की काढतात तसला. पण मी म्हटलं, "काका, चित्र तेवढं साफ करून द्या, उद्या अक्षय्य तृतीयेला सुरू करायचं आहे." ते म्हणाले, "घाई असली त् पापड घ्या."

पहिल्या दिवशी त्यांनी मशीनला हात लावला नाही. खुर्ची घेऊन समोर बसले आणि चार तास पाहत राहिले. लोकांना वाटलं दाखल्याच्या रांगेत आहेत. मी विचारलं, काका, काय करताय? म्हणाले, "आधी त्याले बोलू दे. मंग आपन." अक्षय्य तृतीया बोलण्यातच गेली.

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता हजर, आणि बरोबर नियमांचं गाठोडं. पायात रबरी चप्पल पाहिजे, त्यांच्याही आणि माझ्याही. हे ठीक, आत मोठा करंट असतो. डावा हात कमरेमागे, काम एका हातानं. हेही ठीक, दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो म्हणे. पण शिट्टी वाजवायची नाही. "झालं का" विचारायचं नाही. मशीनकडे पाठ करून जेवायचं नाही. आणि कूलर बंद.

आता ऐका. वैशाख महिना. उमरखेडचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं पाहिला त्याला सांगायची गरज नाही. दुकानात एकच खिडकी, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या बरोबर तोंडासमोर मशीन, कारण दुसरा कोपराच नव्हता. मी म्हटलं, काका, कूलर का बंद? "कायले इचारतं? म्हन्लं ना, बंद." बस, एवढंच कारण. माझ्या बापानंसुद्धा कधी मला असं उत्तर दिलं नव्हतं.

मी मनात म्हटलं, बघू तर खरं ह्यांचे नियम. ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी मशीनसमोर मुद्दाम शिट्टी वाजवली. चित्र होतं तसंच. दुपारी त्याच्याकडे पाठ करून पोळी खाल्ली. काही नाही. तेव्हाच मी ठरवून टाकलं की हे सगळे नियम म्हणजे म्हातारचळ आहे.

काम मात्र त्यांचं पाहण्यासारखं होतं. चित्र साफ करायचा स्क्रू मशीनच्या मागं, आणि चित्र पुढं. मागून फिरवणाऱ्याला पुढचं दिसणार कसं? तर पुढं आरसा धरायचा. तो कोणी धरायचा, तर मी. टूथब्रशची दांडी घासून त्यांनी चपटा पेचकस बनवला होता, तो मागं घालून केसाएवढा फिरवायचे आणि ओरडायचे, "वर. आता खाली. बाई, चित्र दाखव, तोंड पाहू नोको." मी तासतासभर लग्नातल्या करवलीसारखी आरसा धरून उभी, आणि काउंटरला लोक खोळंबलेले. एका आजीनं विचारलंच, "कोनाचं लगन हाय का वं?"

कामाच्या पहिल्याच दिवशी संध्याकाळच्या आत चित्र साफ झालं. खरं सांगते, मला रडू आलं. तीन तीन होतं, आठ आठ होतं. विमानाच्या पंखावरची रेघ दिसत होती. काकांनी हात पुसले, हत्यारं पुसली, आणि दारात वळून म्हणाले, "मशीन चालू असलं की कूलर बंद राह्यलं पाह्यजे." मी म्हटलं, हो काका. दार लागलं तसं मी कूलरचं बटण दाबलं. जीव गेला असता नाहीतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत भजी.

काका आले, आरसा, टूथब्रश, "वर, खाली." साफ झालं, गेले. परत भजी. असं तीन आठवडे. रोज यायचे तेव्हा आधी विचारायचे, "कूलर बंद राह्यते ना, बाई?" मी रोज सांगायची, "राहतो, काका." ते यायची वेळ झाली की मी स्वतः उठून बंद करायची, इतकी मी हुशार. मग त्यांनी एकेक गोष्ट बदलायला घेतली. बिस्किटाच्या जुन्या डब्यातून कंडेन्सर काढले, जुने उपसले, नवे लावले. मागचा मोठा ट्रान्सफॉर्मर बदलला. सगळे सोल्डरचे डाग नव्यानं दिले, म्हणजे दुकानात दिवसभर रोजनच्या राळेचा धूर. गिऱ्हाईक खोकतंय, प्रिंटर खोकतोय, आणि मी आरसा धरून उभी.

एक दिवस माझा तोल गेला. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, वीसेक माणसं काउंटरला, आणि हे म्हणतात आरसा धर. मी म्हटलं, "काका, तुमच्यानं होत नसेल तर नांदेडहून कोणाला बोलवू का?"

त्यांनी टूथब्रशची दांडी खिशात ठेवली, दोन्ही हात समोर धरले आणि पाहिले. "पह्यलेसारखे नाई राह्यले वाट्टे," एवढंच म्हणून मधल्या दारानं निघून गेले. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले, दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाईट वाटलं म्हणाल तर कशाला खोटं बोलू, मला हायसं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी दुपारचा चहा बसून प्याले.

त्याच आठवड्यात कूलरची पाण्याची मोटर जळाली. दोन दिवस पंख्यावर काढले. आणि ते दोन्ही दिवस मशीन सकाळपासून संध्याकाळपर्यंत असं लख्ख, की बघत राहावं. मला वाटलं, चला, काकांची मेहनत फळाला आली. तिसऱ्या दिवशी नवी मोटर बसवली, बारा वाजता कूलर लावला, तीन वाजता भजी. मी कूलर बंद केला. तासाभरानं चित्र साफ. परत लावला, परत भजी. मग मी खुर्चीत बसले ती बसलेच.

तुम्ही म्हणाल, लगेच मागं जाऊन सांगितलं असेल. नाही सांगितलं. तीन आठवडे रोज तोंडावर खोटं बोलले हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी कूलरला पुठ्ठा लावून हवा दुसरीकडे वळवली आणि गप्प बसले. मशीन चालू झालं, लोक खेळायला लागले, मीही दुपारी दोन डाव खेळायची. झालं ते झालं, असं मी मनाला सांगितलं.

दोन दिवसांनी मधलं दार उघडलं. काका नव्हते, काकू होत्या. त्या सहसा दुकानात यायच्या नाहीत. हातात काकांची हत्यारांची पिशवी. "बाई, इकडून भंगारवाला कवा जाते?"

मी म्हटलं, काकू, ही पिशवी कशाला?

"तेच म्हन्तेत, देऊन टाक. हात गेले, आता हत्यारं कायले ठेवाचे?" त्या खाली मान घालून बोलत होत्या. "जेवताना घास हातात धरून पाह्यत बसतेत. परवा मले म्हन्ले, मी चुकून राह्यलो, मले दोष सापडून नाई राह्यला. बाई, लगन झाल्यापासून ह्या मानसानं मी चुकलो असं म्हन्लेलं मले आठवत नाई. मले भेव वाटलं वं."

 मी पिशवी त्यांच्या हातून घेतली आणि त्यांच्यामागून आत गेले. काका बाजेवर बसलेले, समोर रिकामी भिंत. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काका, कूलर चालू होता."

"कवा?"

"रोज. तुम्ही गेले की लावायची. तुम्ही यायच्या आधी बंद करायची."

मला वाटलं, आता जागा खाली करायला सांगणार. पण ते डॉक्टरसारखे विचारायला लागले. पाणी होतं का? होतं. तोंड कुठं होतं? मशीनच्या मागच्या अंगाला. किती घंट्यानं चित्र जाये? तीन. बंद केलं की? तासाभरात परत.  काकूही दारात उभ्या.

"परत सांग," काका म्हणाले.

मी परत सांगितलं. ते काकूंना म्हणाले, "इकडं ये. हे काय म्हन्ते, आयक. परत सांग." मी तिसऱ्यांदा सांगितलं. काकू गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, त्यांना काहीतरी बोलल्या, आणि तोंडाला पदर लावून माझ्याकडे पाठ केली.

"म्या तुले पह्यल्या दिवशी म्हन्लतं," काका म्हणाले, "अन् रोज इचारलं. तू म्हन्ली, बंद राह्यते. म्हनून म्या ओलीचा दोष काढून टाकला. तुह्या शब्दावर. मंग राह्यले माह्ये हातच."

 मी म्हटलं, "चुकलं, काका. हात ठीक आहेत तुमचे."

"मले मालूम हाय," ते म्हणाले. पण ते आत्ता मालूम झालं होतं, एका मिनिटापूर्वी नव्हतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही.

पुढचं काम अर्ध्या तासाचं निघालं. पिक्चर ट्यूबच्या शेंड्याला एक टोपीसारखं सॉकेट बसतं. काकांनी ते काढून फोडलं आणि मला दाखवलं. आत एका पिनेभोवती हिरवा गंज. ओली हवा लागली की गंज ओल धरतो, करंट तिथून झिरपतो, चित्र पसरतं. कोरडं झालं की साफ. मी म्हटलं, हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी कशाला कूलर लावला असता? काका म्हणाले, "दोष पाह्यल्याबिगर म्या नाव घेत नाई." आता ह्याला काय म्हणावं, सांगा. त्यांनी डब्यातलं जुनं चांगलं सॉकेट लावलं, माझा पुठ्ठा फेकून दिला, कूलर पूर्ण जोरात मशीनवर सोडला, आणि संध्याकाळपर्यंत समोर बसून राहिले. चित्र हललं नाही. मी खेळायला उभी राहिले तर म्हणाले, "चित्र साफ हाय, विमान चालोता येत नाई तुले."

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मग काका कसले?

दुसऱ्याच दिवशी मला चहाच्या टपरीवर बोलावणं. गेले तर तिथं पाचसहा माणसं. "हं बाई, सांग त्यायले." मी सांगितलं. काका बाजूला उभे, दुसऱ्याचं कौतुक ऐकावं तसे. मधे काही गाळलं की टोकायचे, "तुह्या शब्दावर, ते राह्यलं." संपलं की म्हणायचे, "परत सांग, हा आत्ताच आला." मग एसटीच्या कंट्रोलरला सांगितलं. मग जुने मेकॅनिक, जे आता मोबाइलची काच बदलतात, त्यांना एकेकाला गाठून सांगितलं. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाला तांड्यावर गेलो, तर जेवणावळ थांबवून मला उभं केलं. म्हाताऱ्यांसाठी काकू गोरमाटीत करून सांगत होत्या, आणि माझ्यापेक्षा जास्त रंगवत होत्या. नवरा शेजारी पानात मान घालून बसलेला.

परत येताना मी चिडले. म्हटलं, "काका, आता बस. साऱ्या तालुक्यात मी खोटारडी ठरले."

ते जीपच्या खिडकीतून बाहेर पाहत होते. "मले आयकाले बरं वाट्टे वं," म्हणाले.

ह्या माणसाशी भांडताही यायचं नाही ते असं. मी त्यानंतर कधी नाही म्हटलं नाही. दाखल्याला आलेली माणसं, लाइटबिलवाला, कूलरचे गवताचे ताटवे विकणारा, सगळ्यांना सांगितलं.

ह्या हिवाळ्यात काकांना झटका आला. नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, उजवं अंग गेलेलं. मी दुपारच्या भेटीच्या वेळेत गेले. तो उजवा हात चादरीवर पडलेला, बोटं वळलेली. शेजारच्या खाटेवर एक अनोळखी माणूस, त्याची बायको त्याला संत्रं सोलून देत होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग डोळ्यांनीच त्या दोघांकडे दाखवलं.

मी खुर्ची ओढली आणि त्या दोघांना सांगितलं. मशीन, आरसा, टूथब्रश, कूलर, सगळं. "तुह्या शब्दावर" म्हणजे माझ्या शब्दावर, तेही गाळलं नाही. दोष हातांत नव्हता, माझ्या खोट्यात होता, हात शेवटपर्यंत बरोबर होते, असं म्हणून थांबले. शेजारचा माणूस हसला. काका माझ्याकडे पाहत होते, ओठ हलत होते, पण शब्द काही आला नाही. नर्स आली, म्हणाली, बाई, वेळ झाली, निघा आता.

म्हटलं, थांबा दोन मिनिटं. आणि मी पहिल्यापासून परत सांगितलं.